पूजेतला पान्हा

खंडेनवमीच्या दुपारी निपाणीच्या चौकीत फौजदार मारुतीराव शिंत्रे शस्त्रं पूजेला मांडून बसले होते. पाटावर दोन बंदुका, एक दंडा आणि बेड्यांची जोडी होती. जमादार नारळ फोडायला दगड शोधत होता. तेवढ्यात इस्पितळाचा राखणदार भरमू धापा टाकत दारात आला. कपाळभर फासलेला भंडारा घामानं त्याच्या नाकावर उतरला होता. बंबवाला नागोजी वाफेनं भाजून मेला, आणि चिटणीससाहेबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय, असं त्यानं सांगितलं.

नागोजी मेला ह्याचं शिंत्र्यांना वाईट वाटलं. चिटणीससाहेबांनी बोलावलं ह्याचा राग आला. सवयीनं त्यांचा हात दंड्याकडे गेला, तसा जमादार मध्ये पडला.

"साहेब, आज न्हाय उचलायचं. पूजेतलं हत्यार उद्या उत्तरपूजा झाल्यावर."

शिंत्र्यांनी हात मागे घेतला आणि रिकाम्या हातानं निघाले. तसाही इस्पितळातल्या बड्या मंडळींना हाणायला दंडा लागत नाही, जीभ पुरते, असं त्यांचं मत होतं. शिंत्रे जगात कुणालाच हिंग लावून विचारत नसत. वकिलांना ते पोपट म्हणत, सावकारांना गोचीड म्हणत, आणि आपल्या वरिष्ठांना काय म्हणत ते इथं लिहिण्याजोगं नाही.

ते इस्पितळ म्हणजे तंबाखूच्या पैशाचा थाट. ज्यांनी बांधलं ते शेठजी विलायतेला जाऊन आलेले. तिथं त्यांनी भिंतीला लोखंडी फण्या लावलेल्या बघितल्या, त्यातून वाफ फिरते आणि खोली गरम होते हे बघितलं, आणि इथं येऊन बायकांच्या वॉर्डात तस्संच करून टाकलं. निपाणीला विलायतेची थंडी कुठली? पण बाळंतिणींना आणि अपुऱ्या दिवसांच्या पोरांना त्या फण्यांचा उपयोग व्हायचा, हे खरं. शेठजी वारले, फण्या राहिल्या, आणि आतले नळ तीस वर्षांत कुजून गेले. ते आता बदलायचं चाललं होतं. इस्पितळ बंद ठेवता येत नव्हतं. ऑपरेशनची हत्यारं उकळायला आणि धुण्याला वाफ लागतेच. म्हणून बंब पेटलेलाच ठेवायचा, बायकांच्या वॉर्डाकडे जाणारी वाफ एका व्हॉल्व्हनं बंद करायची, आणि तेवढ्या बाजूचे नळ बदलायचे. हे नळ वॉर्डाखालच्या रांगत जाण्याजोग्या बोळातून जात. त्याला सगळे भुयार म्हणत.

त्या भुयारात नागोजी मेला होता.

बंबखोलीत शिंत्रे शिरले तेव्हा भिंती अजून ओलसर होत्या. डॉक्टर पिंटो हात धूत होते. गोव्याचा शांत माणूस, टोपी काखेत, बोलणं मोजकं. शिंत्र्यांना हा त्यातल्या त्यात बरा वाटायचा, कारण तो फुशारकी मारत नसे.

"तिथल्या तिथं गेला का?" शिंत्र्यांनी विचारलं.

"नाही. अर्धं भुयार रांगत आलाय. गुडघे सोललेत. बराच वेळ जिवंत होता."

"लगेच तुमच्याकडे आणला असता तर?"

"वाचला असता असं मी लिहून देणार नाही. पण वाचू शकला असता. मी अंगणापलीकडेच होतो."

"ओरडला असेल ना?"

"ओरडला असणार. पण भुयारातला आवाज अंगण ओलांडून येत नाही. ह्या खोलीत कुणी असतं, तर त्याला ऐकू आलं असतं."

खोलीत कुणी नव्हतं, असं भरमू म्हणाला. सणाची दुपार, सगळी जेवून लवंडलेली. बंबात लाकूड संपत आलं म्हणून तो नागोजीला शोधायला आला, तर भुयाराच्या तोंडाशी नागोजीच्या चपला जोडीनं काढून ठेवलेल्या, आणि आत थोड्या अंतरावर नागोजी पालथा. चपला का काढल्या? तर तो नव्या नळाला झेंडूची माळ घालायला गेला होता. सणाला बंबाला माळ घातली, मग नव्या नळानं काय पाप केलंय, असं तो सकाळीच भरमूला म्हणाला होता. शिंत्रे कंदील घेऊन आत रांगत गेले. मधोमध नळाचा एक तुकडा बसवायचा राहिला होता, जोड सताड उघडा होता, आणि त्याच्या तोंडाशी माळ लोंबत होती. फुलं शिजून काळी पडली होती.

म्हणजे कुणीतरी बंबखोलीतला व्हॉल्व्ह उघडला, वाफ ह्या उघड्या जोडातून भुयारात फुटली, आणि मग कुणीतरी तो परत बंद केला. व्हॉल्व्हचं चाक जागेवर नव्हतं. नुसता चौकोनी दांडा वर आलेला. तो फिरवायचा तर मोठा पान्हा हवा.

मोठा पान्हा तिथंच होता. भुयाराच्या तोंडापाशी पाटावर मिस्त्रीनं आपली सगळी हत्यारं पूजेला मांडली होती: हातोडा, छिन्नी, करवत, लहानमोठे पान्हे. शेजारी ताटलीत विभूती. प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर तीन बोटांचे आडवे पट्टे ओढलेले. खोलीत वाफ भरली तेव्हा ते पट्टे भिजून त्यांचे ओघळ खाली आले होते आणि वाळून गेले होते. फक्त मोठ्या पान्ह्यावर ओघळ नव्हता. त्यावर विभूतीची एकच रेघ होती, दांड्याच्या लांबीभर ओढलेली, स्वच्छ. शिंत्र्यांनी ती बराच वेळ बघितली. मग मागोमाग आलेल्या जमादाराला बजावलं, ह्या पाटाला कुणी हात लावला तर त्याचा हात मी बघेन.

चिटणीस भीमराव हुद्दार अंगणातच येरझाऱ्या घालत होते. पांढरं उपरणं, नाकाच्या मुळापासून केसांपर्यंत गेलेलं उभं गंध, तोंडावर कायम कसलातरी वास आल्याचा भाव. नाकानं कांदे सोलावेत ते ह्यांनीच. गेली दोन वर्षं हुद्दार रावसाहेब व्हायच्या नादात होते. किताब अजून सरकारच्या मनात नव्हता, पण ह्यांनी पाटीसाठी फळी रंगवून घेतली होती, असं गावात म्हणत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"हा सरळ सरळ खून आहे, फौजदार," हुद्दार म्हणाले. "तो आण्णाप्पा मिस्त्री. काल त्याचं आणि नागोजीचं कडाक्याचं भांडण झालं, साऱ्या इस्पितळानं ऐकलं. व्हॉल्व्हचं चाक त्यानंच काढून नेलं. जोड त्यानंच उघडा ठेवला. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"तुम्ही दुपारी कुठं होता?"

"माझ्या खोलीत. उद्याच्या दसऱ्याच्या समारंभाचं भाषण लिहीत होतो."

"बंबखोलीत आला नाहीत?"

"मी? त्या काजळीत?" हुद्दारांनी उपरणं सारखं केलं. "वर्ष झालं असेल मी तिथं पाऊल टाकून."

शिंत्र्यांनी मान हलवली. हुद्दारांना वाटलं, पटलं. अशा माणसांना समोरच्यानं मान हलवली की पटलंच वाटतं.

आण्णाप्पा मिस्त्रीला त्याच्या भाड्याच्या खोलीतून झोपेतून उठवून आणलं. शहापूरचा गडी, आडदांड, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे. आपल्यासारखा नळजोड्या बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत नाही, हे तो न विचारता सांगायचा. नागोजी मेला हे कळल्यावर मात्र तो मटकन खाली बसला.

"काल त्याच्याशी भांडलास?"

"भांडलो. माझ्या हत्यारांवरनं तंगडी टाकून गेला. हत्यार ओलांडत्यात व्हय? आज सकाळी त्यानंच मला पानसुपारी आणून दिली. मिटलं तिथंच."

"चाक का काढून नेलंस?"

"कुणीतरी दीडशहाणा येऊन फिरवंल म्हणून. इथं दीडशहाणे लई हायत."

"आज कुणी वाफ सोडायला सांगितली?"

मिस्त्रीनं हुद्दारांच्या खोलीकडे हनुवटीनं दाखवलं. सकाळी चिटणीस बंबखोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, दुपारी वॉर्ड गरम झाला पाहिजे, इस्पितळाच्या अध्यक्षांच्या बाईसाहेबांना दाखवायचाय.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, आज हत्यार पूजेत हाय, उचलणार न्हाय. उद्या बघू."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला जास्त सांगून काय करायचं? त्याला नळातलं काय कळतंय?"

दुपारभर एकटाच झोपला होता, त्याला साक्षीदार कोण? कुणी नाही. शिंत्र्यांना हा माणूसही आवडला नाही. फुगलेला बेडूक, असं ते मनात म्हणाले. पण पट्टे आडवे होते.

बायकांच्या वॉर्डात मुख्य परिचारिका चंपाबाई होती. रुपयाएवढं गोल कुंकू आणि त्याहून मोठा आवाज. तिनं शिंत्र्यांना कोपऱ्यातल्या खाटेकडे नेलं. तिथं अंजनी होती, आण्णाप्पाची बायको, नुकतीच बाळंत झालेली. पोरगं अपुऱ्या दिवसांचं. कापसात गुंडाळून गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवलेलं. भिंतीवरची लोखंडी फणी थंडगार होती. ह्या पोराला ऊब मिळाली नाही तर धडगत नाही, असं चंपाबाईनं बाहेरच हळू आवाजात सांगितलं होतं.

आता वाचणाऱ्याच्या मनात येईल तेच शिंत्र्यांच्याही मनात आलं. पोरासाठी बापानंच चोरून वाफ सोडली असेल तर? त्यांनी अंजनीला नवऱ्याबद्दल काही न सांगता सकाळपासून वॉर्डात कोण कोण आलं ते विचारलं.

सकाळी चिटणीससाहेब आले होते, असं ती म्हणाली. दुपारी फणी गरम होईल, पोराला ऊब मिळेल असं सगळ्या बाळंतिणींना सांगून गेले. मग दुपारी अध्यक्षांच्या बाईसाहेब आल्या. त्यांना खुर्ची टाकली, चहा आला.

"चिटणीस आले त्यांच्याबरोबर?"

"न्हाय. त्यांनीच बोलावलंतं म्हणं, पर ते आलेच न्हायत. बाईसाहेब वाट बघत बसल्या, फणीला हात लावून बघितला, आणि तणतणत गेल्या."

"आणि नागोजी मेला म्हणून आरडाओरडा झाला तो कधी?"

"त्या गेल्यावर. लई येळानं." मग तिनं विचारलं, "ह्यांना कशाला धरलंय, साहेब? पोराच्या बापाला बेळगावला न्हेणार म्हणत्यात. खरं व्हय?"

शिंत्रे पोराकडे बघून बाहेर आले. नागोजीचे भाऊबंद फाटकाशी जमले होते. मिस्त्रीला इथं ठेवला असता तर त्याचा जीव राहिला नसता. शिंत्र्यांनी त्याला चौकीत नेऊन बसवला. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी सापडलं नाही, तर कागद करून त्याला बेळगावला पाठवणं भाग होतं. एकदा खुनाच्या आरोपाखाली तिकडे गेलेला गरीब माणूस परत किती दिसतो, हे शिंत्र्यांना पक्कं ठाऊक होतं. हुद्दारांनी जाता जाता त्यांची पाठ थोपटली आणि कामाची तडफ वरपर्यंत कळवतो म्हणाले. पाठ थोपटलेल्या जागी शिंत्र्यांना घरी जाऊन धुवावंसं वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी बंबखोलीत सगळ्यांना बोलावणं गेलं. डॉक्टर आले, चंपाबाई आली, भरमू आला. हुद्दार आले ते नव्या कोऱ्या कोटात, संध्याकाळच्या समारंभाच्या तयारीनं. जमादारानं मिस्त्रीला आणला. शिंत्र्यांनी चौकीतला पाट इथं आणवला होता. त्यावर दंडा आणि बेड्या होत्या. बाजूला मिस्त्रीचा पाट कालच्यासारखाच होता.

"काल बोलावणं आलं आणि माझी पूजा अर्धी राहिली," शिंत्रे म्हणाले. "अर्धी पूजा ठेवून हत्यार उचलू नये म्हणतात. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी एकेक बोट लावा, म्हणजे सगळ्यांच्या हातची होईल. ही मिस्त्रीची विभूती आहे, तीच घ्या."

हुद्दार हसले. खेडवळपणाचं कौतुक करावं तसं त्यांचं हसू होतं. पण देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार?

डॉक्टर पिंटोंनी टोपी काढली आणि नम्रपणे मागे सरकले. माझ्या हाताला ह्यातलं काही येत नाही, म्हणाले. भरमूनं मूठभर विभूती घेतली आणि दंड्यावर उधळलीच. चंपाबाईनं अनामिकेनं एक गोल ठिपका लावला. मिस्त्रीनं तीन बोटं बुडवली आणि दंड्यावर आडवी ओढली. शेवटी हुद्दार पुढे झाले. त्यांनी एक बोट विभूतीत बुडवलं, दंड्याच्या लांबीभर सरळ रेघ ओढली, मग उदार होऊन बेडीवरही तशीच एक.

शिंत्रे मिस्त्रीच्या पाटाकडे गेले, मोठा पान्हा पाटासकट उचलला आणि दंड्याशेजारी ठेवला. दोन्ही रेघा एकाच हाताच्या होत्या हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती.

"सांगतो आता," ते म्हणाले. "मिस्त्रीनं काल सकाळी सगळ्या हत्यारांवर आडवे पट्टे ओढले. वाफ आली तेव्हा सगळ्यांचे ओघळ आले. ह्या पान्ह्यावर ओघळ नाही. म्हणजे ह्यावरची विभूती वाफ येऊन गेल्यानंतर लावली. ह्या पान्ह्यानं व्हॉल्व्ह उघडला, बंद केला, हातानं आधीचे पट्टे पुसले गेले, म्हणून परत लावली. लावणारा सावध होता. ताटलीतलीच विभूती घेतली. पण बोट माणसाच्या सवयीनं चालतं. मिस्त्रीनं पुसून परत लावली असती, तर तीन पट्टे आडवे आले असते. चंपाबाईचा ठिपका आला असता. भरमूनं उधळली असती. डॉक्टरांना तर लावायचं सुचलंच नसतं. रेघ उभी ओढली ती रोज उभं गंध लावणाऱ्यानं."

"हा काय पोरखेळ आहे?" हुद्दार म्हणाले. "गावात उभं गंध लावणारे शेकड्यांनी आहेत."

"आहेत. पण वॉर्ड गरम होईल असं समजणारा त्यांत एकच आहे." शिंत्र्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मिस्त्रीला माहीत होतं की जोड उघडा आहे. व्हॉल्व्ह उघडून त्याच्या पोराला ऊब मिळणारच नव्हती. नागोजीला मारायचं म्हणावं, तर मारून झाल्यावर आपल्याच हत्यारावर परक्या हाताची रेघ तो कशाला ओढेल? ज्यानं उघडला त्याला जोडाचं ठाऊकच नव्हतं. मिस्त्रीनं तुम्हाला 'हत्यार पूजेत आहे' एवढंच सांगितलं, आणि तुम्हाला वाटलं, हा अडाणी सणाचं निमित्त काढून काम टाळतोय. बाईसाहेब तर यायच्या होत्या. पान्हा समोर पडलेला. दांडा फिरवायचा तर अक्कल लागत नाही, तेव्हा ते तुम्हाला जमलं."

डॉक्टर पिंटो भुयाराच्या तोंडाकडे बघत होते.

"आणि आता मला एक सांगा, हुद्दार. बाईसाहेबांना तुम्ही बोलावलंत. खुर्ची, चहा, सगळं सांगून ठेवलंत. मग तुम्ही गेला का नाहीत? त्या वाट बघून गेल्या, तेव्हा नागोजीचं अजून कुणालाही कळलं नव्हतं. फणी गरम होणार नाही हे तेवढं तुम्हाला आधीच कळलं होतं. कुठं कळलं?"

हुद्दारांच्या कपाळावरचं गंध घामानं भिजलं होतं.

"मला ठाऊक नव्हतं तो आत आहे," शेवटी ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. मी वाफ सोडली आणि एकदम भुयारातून फुत्कार आला."

"चपला दारातच होत्या."

"माझं लक्ष नव्हतं."

"खाली बघायची सवय नाही तुम्हाला. बरं, ते जाऊ द्या. तो ओरडला तेव्हा तरी कळलं?"

चंपाबाईनं तोंडाला पदर लावला.

"ओरडला तेव्हा कळलं?" शिंत्र्यांनी पुन्हा विचारलं.

"मी लगेच बंद केला," हुद्दार पुटपुटले. "मी घाबरलो होतो. पूजेतलं हत्यार उचललं होतं मी, खंडेनवमीला. माझ्याच्यानं ते तसं ठेववेना. म्हणून... म्हणून परत लावली. नमस्कार केला."

"तोवर तो आत रांगत होता."

"आवाज कमी झाला होता. मला वाटलं..."

"काय वाटलं ते मी सांगतो," शिंत्रे म्हणाले. "तुम्हाला वाटलं, हाक मारली तर कळेल कुणी उघडला. रावसाहेबकी गेली. अंगणापलीकडे डॉक्टर होता. एक हाक मारायची होती तुम्हाला. ती मारली नाहीत. पान्ह्याला गंध लावायला वेळ होता, देवाला हात जोडायला वेळ होता, आणि माणूस रांगत रांगत तुमच्या पायाशी येत होता त्याला द्यायला वेळ नव्हता. मग स्वतःच बोंब मारलीत, खून झाला म्हणून. आणि एका बाळंतिणीच्या नवऱ्याला फासावर द्यायला निघालात. मी चोर बघितलेत, दरोडेखोर बघितलेत, बायकोला विहिरीत ढकललेला बघितला. त्यांच्या ताटाला ताट लावून मी जेवेन. तुमच्या हातचं पाणी पिणार नाही."

हुद्दार कोटाच्या खिशात रुमाल शोधत होते. कागद हाताला आला, तो भाषणाचा होता. शिंत्र्यांनी जमादाराला खूण केली. नारळ फुटला, उत्तरपूजा झाली, हत्यारं मोकळी झाली. मग शिंत्र्यांनी पाटावरच्या बेड्या उचलल्या. हुद्दारांच्या स्वतःच्या बोटानं ओढलेली रेघ एका बेडीवर तशीच होती. ती बेडी त्यांच्याच मनगटावर बसली.

जमादार त्यांना फाटकाकडून नेऊ लागला. नागोजीचे भाऊबंद बाजूला झाले. कुणी अंगावर धावून गेलं नाही. एक म्हातारी तेवढी त्यांच्या वाटेवर थुंकली.

खोलीत मिस्त्री एकटा उभा होता. सुटलास, वर जा, बायको वाट बघतेय, असं शिंत्र्यांनी सांगितलं तरी तो हलला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "त्यानं इचारलं तवाच सांगायचं होतं मी. जोड उघडा हाय, वाफ सोडू नगा. एवढं एक बोलायला काय झालंतं? ह्याला काय कळतंय म्हणून गप बसलो. बोललो असतो तर नागोजी आज बंबापाशी असता."

शिंत्र्यांकडे प्रत्येकाला हाणायला काहीतरी असायचंच. ह्या वेळी नव्हतं. ह्याच माणसाला त्यांनी काल फुगलेला बेडूक म्हटलं होतं, आणि तो त्यांच्यापुढे रडत होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला, आणि बाहेर गेले.

मिस्त्री बायकोकडे गेला नाही. त्यानं मोठ्या पान्ह्यावरची उभी रेघ धोतराच्या सोग्यानं पुसली, राहिलेला नळाचा तुकडा उचलला आणि भुयारात शिरला. करपलेली माळ तशीच ठेवून त्यानं जोड घट्ट केला, मग खोलीवरून चाक आणून व्हॉल्व्हवर बसवलं. संध्याकाळी सारा गाव सोनं लुटायला गेला तेव्हा वॉर्डातली फणी आधी कुरकुरली आणि मग हळूहळू तापली. अंजनीनं पोराला उचलून फणीजवळ धरलं. खाली बंबात लाकडं घालायला नागोजी नव्हता, म्हणून भरमू घालत होता.